मुलाचं रक्त नव्हे, त्याचं सदस्यत्व

अमेरिकेतल्या ‘इंडियन चाइल्ड वेल्फेअर अ‍ॅक्ट’बद्दल एक दावा बराच फिरतो. म्हणणं असं, की हा कायदा मूळनिवासी (अमेरिकी कायद्याच्या भाषेत ‘इंडियन’) मुलाचा ताबा रक्त बघून ठरवतो, धोक्यातलं मूलही घरातून हलवू देत नाही आणि वर निर्णय जातपंचायतीसारख्या जमातीच्या हाती सोपवतो. तिन्ही गोष्टी चूक आहेत. त्या वाचून माणसं मूळनिवाश्यांच्या विरोधात मत बनवतात, याचा मला राग येतो.

कायदा १९७८ साली का आला, हे त्या मजकुरात कधीच नसतं. त्या दशकातल्या पाहण्यांनुसार मूळनिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुलं घरापासून तोडलेली होती आणि त्यांतली बहुतेक परक्या, बिगर-मूळनिवासी घरांत होती. कारण बहुतेकदा मारहाण नसे. मूल आजीकडे किंवा मावशीकडे वाढतंय, हीच ‘हेळसांड’ ठरे. आजोळी वाढलेली किती माणसं आपल्या ओळखीत आहेत, आठवून बघा. १९५८ ते १९६७ या काळात केंद्र सरकार आणि चाइल्ड वेल्फेअर लीग ऑफ अमेरिका ही संस्था मिळून अशी ३९५ मुलं दत्तक दिली गेली. लीगने २००१ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. पुढे हा कायदा न्यायालयात आव्हानला गेला, तेव्हा बालकल्याणातल्या अनेक नामांकित संस्था जमातींच्या बाजूने उभ्या राहिल्या.

आता रक्ताचा मुद्दा. कायद्याच्या व्याख्येनुसार मूल स्वतः जमातीचं सदस्य हवं, किंवा सदस्याचं अपत्य असून सदस्यत्वाला पात्र हवं. खापरपणजी चेरोकी जमातीची होती, एवढ्यावर कायदा लागू होत नाही. जमातीचं सदस्यत्व हे वंशाचं नव्हे, राजकीय नातं आहे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच मॉर्टन विरुद्ध मॅन्कारी खटल्यात घेतली. मात्र कित्येक जमाती सदस्यत्वासाठी रक्ताचा ठरावीक अंश मागतात, हे खरं आहे. मूल आधी नातेवाइकांकडे, मग त्याच जमातीत आणि नंतर दुसऱ्या कुठल्याही जमातीच्या कुटुंबात द्यावं, या क्रमातली तिसरी पायरी मलाही लंगडी वाटते, कारण तिथे सदस्यत्वाचा युक्तिवाद पुरत नाही. २०२३ च्या हालंड विरुद्ध ब्रॅकीन निकालात न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी कायदा राखला, संसदेला असा कायदा करण्याचा अधिकार आहे हेही मान्य केलं. पण हा कायदा वंशावरून भेदभाव करतो का, या समानतेच्या प्रश्नावर निर्णय दिलाच नाही. तेव्हा ‘सगळं मिटलं’ म्हणणारे समर्थकही घाई करतात.

धोक्यातल्या मुलाचं म्हणाल, तर शारीरिक इजेचा तातडीचा धोका असेल तेव्हा मूल ताबडतोब हलवण्याची मुभा कायद्यातच आहे. कायदा अडवतो तो कुटुंब मोडण्याची घाई. बाप व्यसनात बुडाला असेल तर त्याच्या हातात व्यसनमुक्ती केंद्राचा फोन नंबर टेकवून समाजसेविकेचं काम संपत नाही. तिने केंद्रात जागा मिळवायला मदत करायची, जाण्यायेण्याची अडचण सोडवायची, नातेवाइकांना गाठायचं. पालकत्व कायमचं काढून घ्यायचं तर वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागतो, तज्ज्ञाची साक्षही लागते.

जातपंचायतीची तुलना तर मला सर्वांत जास्त खटकते. जातपंचायतीला कायद्याचं कसलंच अधिष्ठान नाही. तिच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये कायदा करावा लागला. जमाती म्हणजे अमेरिकेशी सरकार म्हणून नातं असलेल्या सत्ता. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या अशा सुमारे पावणेसहाशे जमाती आहेत, अनेकींची स्वतःची विधिमंडळं आणि न्यायालयं आहेत. १९६८ च्या इंडियन सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टमुळे त्यांनाही न्याय्य प्रक्रियेचं बंधन आहे. शिवाय जमातीच्या राखीव प्रदेशाबाहेर राहणाऱ्या मुलाचं प्रकरण जमातीच्या न्यायालयात नेण्याला आई किंवा बाप यांपैकी एकानेही हरकत घेतली, तर ते राज्याच्या न्यायालयातच चालतं. अशी हरकत घेण्याची सोय कोणती जातपंचायत देते?