मंटो येतोय, आणि सोबत सुरैयाची गझल

११ सप्टेंबर २०१५ ला पाकिस्तानात 'मंटो' लागतोय, उर्दू लेखक मंटोवरचा सिनेमा, आणि गेले पंधरा दिवस माझं डोकं त्याच्या गाण्यांत अडकलंय. सिनेमापेक्षा गाण्यांत, हो. घरी सगळे म्हणतायत हिला काय झालंय, गणपती तोंडावर आलेत, माळ्यावरचं मखर अजून खाली उतरलं नाही आणि ही लाहोरच्या सिनेमाचं काय घेऊन बसलीये.

तर सांगते. गाण्यांच्या यादीत गालिबची 'आह को चाहिए इक उम्र असर होने तक' आहे, अली सेठीच्या आवाजात. आता तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, गालिब सगळेच गातात, जगजीतनेपण गायलीये. पण थांबा जरा. हीच गझल सुरैयाने १९५४ च्या 'मिर्झा गालिब'मध्ये गायलीये, सोहराब मोदींचा सिनेमा, गुलाम मोहम्मदची चाल. आणि त्या सिनेमाची गोष्ट कुणाची? सआदत हसन मंटोची! जानेवारी १९४८ मध्ये तो मुंबई सोडून लाहोरला गेला, मागे इकडे त्याच्या गोष्टीवर सिनेमा बनला, १८ जानेवारी १९५५ ला मंटो तिकडे वारला, वय फक्त ४२, आणि नंतर त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. आता साठ वर्षांनी त्याच लाहोरचे लोक त्याच्यावर सिनेमा काढतात आणि त्यात हीच गझल घेतात. मुद्दाम घेतली की आपसूक जुळून आलं देव जाणे. हे माझ्या डोक्यात जुळलं तेव्हा मी लोकलमध्ये होते आणि शेजारच्या बाईला सांगायची भयंकर इच्छा झाली, पण ती मन लावून मेथी निवडत होती म्हणून राहू दिलं.

माझं आणि या गझलेचं एक वेगळंच लफडं आहे. बाबांकडे सुरैयाची एक कॅसेट होती, खरं तर अजून आहे. ती एकदा प्लेअरमध्ये गुंतली, बाबांनी पट्टी बाहेर ओढली, शिसपेन्सिल घालून परत गुंडाळली, पण तेवढ्यात ती एका जागी ताणली गेली ती गेलीच. नेमकी 'असर' या शब्दावर. म्हणजे सुरैया 'इक उम्र' पर्यंत छान यायची आणि 'असर'वर तिचा आवाज गटांगळी खाऊन वर यायचा. मला लहानपणी वाटायचं चालच तशी आहे, मी तश्शीच गटांगळी खाऊन म्हणायचे. कॉलेजला असताना एका मैत्रिणीकडे सीडीवर ऐकली तेव्हा 'असर' सरळच आला आणि मला चक्क फसवल्यासारखं झालं.

बाबांना परवा फोनवर सांगितलं की अशी अशी गझल येतेय, तर म्हणाले, "सुरैयानंतर ती कुणी गाऊ नये." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही ऐकलीत तरी का?" तर म्हणाले, "ऐकायला कशाला हवी?" संपला विषय.

मला मात्र ऐकायचीये. अली सेठी फरीदा खानम आणि उस्ताद नसीरुद्दीन सामींकडे शिकलेला आहे, त्याला शब्द कुठे सोडायचा ते कळतं. मीरा नायरच्या 'रिलक्टंट फंडामेंटलिस्ट'मधलं त्याचं 'दिल जलाने की बात' ऐकलं नसेल तर आधी ते ऐका, मग माझी पोस्ट वाचा. आणि अजून एक किडा आहे डोक्यात. जाणकार सांगतात की गालिबने मुळात 'होते तक' लिहिलंय, आपण सगळे 'होने तक' म्हणतो, सुरैयापण तेच म्हणते. आता हा काय म्हणणार? माझे दहा रुपये 'होने'वर.

बाकीची गाणीपण नुसती भरती नाहीयेत. संगीत जमाल रहमानचं आहे, लाहोरचाच. एक गाणं म्हणजे मजीद अमजदची मंटोवरची कविता, 'कौन है ये गुस्ताख', जावेद बशीर गातोय. कवीने लेखकावर लिहिलेली कविता त्याच लेखकाच्या सिनेमात गाणं म्हणून, आपल्याकडे असं कधी झालंय का आठवून बघा. आणि मीशा शफीने गायलेलं 'महरम दिलां दे माही' तर पंजाबी कवी शिवकुमार बटालवीचं आहे. बटालवी जन्मला आता पाकिस्तानात असलेल्या गावात, फाळणीत इकडे बटाल्याला आला. मंटो जन्मला लुधियानाजवळ समराळ्याला, तो तिकडे गेला. एकाने इकडून तिकडे जायचं, दुसऱ्याने तिकडून इकडे यायचं आणि एकाच्या सिनेमात दुसऱ्याचं गाणं वाजायचं. मला पंजाबी निम्मंच कळतं तरी मीशाचा तो घोगरा आवाज पुरतो.

सिनेमाबद्दल मात्र मला धाकधूक आहे. दिग्दर्शक सरमद खूसट, म्हणजे 'हमसफर' मालिकेवाला, आणि मंटोचं कामपण तोच करतोय. 'हमसफर' झी जिंदगीवर लागायचं तेव्हा माझ्या सासूबाई रात्रीचं जेवण लवकर उरकायच्या, त्यामुळे या माणसाला रडवता येतं याबद्दल शंका नाही. पण नेमकी तीच भीती आहे. मंटोला रडका करू नका रे. सिनेमा लाहोरच्या शेवटच्या सात वर्षांवर आहे, म्हणजे दारू, कोर्टाच्या खेपा, वेड्यांचं इस्पितळ हे सगळं येणारच. अश्लीलतेचे सहा खटले झाले त्याच्यावर, तीन फाळणीआधी, तीन नंतर, आणि मग २०१२ ला शंभरी भरल्यावर पाकिस्तान सरकारने निशान-ए-इम्तियाज हा मोठा किताब दिला! पण हा माणूस भयंकर विनोदी होता हो. त्याने फिल्मवाल्यांवर लिहिलेली व्यक्तिचित्रं वाचा, नूरजहाँवरचं वाचा, आपली मामी नातेवाईकांच्या भानगडी सांगते ना, तसं लिहिलंय, फक्त शंभरपट भारी. सिनेमात सबा कमर नूरजहाँ झालीये, तेव्हा तो खट्याळपणा थोडा तरी येईल अशी आशा.

आणि माझी खरी मागणी वेगळीच आहे. सिनेमा लाहोरचा असला तरी त्यात मुंबई दिसली पाहिजे, निदान मंटोला तिची आठवण येताना तरी दिसली पाहिजे. हा भायखळ्याला क्लेअर रोडवर ॲडेल्फी चेंबर्समध्ये राहायचा, नागपाड्याच्या सरवी हॉटेलात बसायचा असं सांगतात, गोरेगावला फिल्मिस्तानमध्ये आणि मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये नोकरी. आम्ही माझगावला राहायचो, बाबांबरोबर त्या बाजूला किती वेळा गेलेय, कुणी सांगितलं नाही की इथे मंटो राहायचा. शाळेत नाही, घरी नाही. मला कळलं तेव्हा आम्ही डोंबिवलीला येऊन चार वर्षं झाली होती.

इकडे लागेल का? मला नाही वाटत. आत्ताच 'बिन रोये' या पाकिस्तानी सिनेमाच्या वेळी मनसेने कसा विरोध केला ते आपण बघितलं. त्यावर मी इथे भांडणार नाही, कमेंटमध्ये सीमेवरच्या जवानांची आठवण करून देणाऱ्यांना आधीच नमस्कार, माझा सख्खा मामा आर्मीत होता आणि मेहदी हसनच्या कॅसेटा मला त्यानेच दिल्या. गंमत म्हणजे तिकडच्या लोकांनापण यूट्यूबवर ही गाणी सरळ बघता येत नाहीत, २०१२ पासून बंद आहे त्यांच्याकडे, २०१५ उजाडलं तरी. म्हणजे गाणी त्यांची आणि यूट्यूबवर ऐकणार मी, डोंबिवलीत.

भावाने काल अली सेठीच्या गझलेची लिंक पाठवलीये व्हॉट्सॲपवर. अजून उघडली नाही. रविवारी बाबांकडे जाणार आहे, तिथे दोघांनी मिळून ऐकायची असं ठरवलंय, म्हणजे मी ठरवलंय, त्यांना अजून माहीत नाही. 'असर'ला ते काय तोंड करतात ते बघायचंय मला.

भारतात कुठेही रिलीजबद्दल कुणाला काही कळलं तर प्लीज इथे टाका, फेस्टिव्हलला दाखवणार असतील तरी चालेल, मी रजा टाकून येईन. आणि जुन्या कॅसेटा एमपीथ्री करून देणारा खात्रीचा माणूस दादर किंवा ठाण्याकडे माहीत असेल तर नंबर मेसेज करा. पट्टी ताणलेली आहे हे त्याला आधीच सांगा, आणि ती सरळ करायच्या भानगडीत पडू नको म्हणावं.