बायोडाटातली डिग्री खोडू नका

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. गावच्या ग्रुपवर, कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर आणि शेवटी आमच्या पिग्मी एजंटांच्या, म्हणजे रोजची बचत गोळा करणाऱ्यांच्या, ग्रुपवर. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'ऑफिसच्या साध्या नोकरीला अर्ज करताना एम.ए., एम.एस्सी., बी.एड. लिहू नका. जास्त शिकलेल्याचा अर्ज कोणी वाचतच नाही, संगणकच तो बाद करतो. फक्त बारावी लिहा, कोणी तपासत नाही. सरकारी भरतीतही हेच आहे. मालकांचंही चुकत नाही, जास्त शिकलेली पोरं टिकत नाहीत.' खाली हात जोडलेले आणि 'गरजू मुलांपर्यंत पोहोचवा' अशी विनंती.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत व्यवस्थापक आहे. लिपिक आणि रोखपाल या जागांचे अर्ज चौदा वर्षांपासून माझ्याच टेबलावर येतात. हा मेसेज ज्यांच्यापर्यंत जातो, तीच पोरं हे अर्ज घेऊन येतात, म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

पहिलं वाक्य, अर्ज कोणी वाचत नाही आणि संगणक तो बाद करतो. मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलवर चाळणी असते हे खरं. आमच्याकडे मात्र पतसंस्था, जिनिंग, डाळ मिल, कृषी सेवा केंद्र, खासगी दवाखान्याचं बिलिंग काउंटर, शाळेचं कार्यालय, यांतल्या कुठल्या ठिकाणी अर्ज बाद करणारा संगणक आहे? इथे अर्ज प्लास्टिकच्या फाईलमधून येतो, त्याला फोटो स्टेपल केलेला असतो, आणि तो माणूसच वाचतो.

कसा वाचतो तेही सांगतो. एका जागेसाठी साठ-सत्तर अर्ज आले की आधी टॅली, टायपिंग, एमएससीआयटी पाहतो. यातलं काहीच नसेल तर तो अर्ज बाजूला. मग गाव पाहतो. मार्च अखेरीला आमच्याकडे रोकड जुळायला रात्रीचे आठ वाजतात आणि कित्येक गावांची शेवटची एसटी साडेसहाला सुटते. मग त्या गावच्या पिग्मी एजंटाला फोन करतो, 'भाऊ, हे पोरगं कसं हाय?' चाळणीचा सगळ्यात मोठा भाग हा फोनच असतो, आणि त्यात डिग्रीचा विषय क्वचितच निघतो. शेवटी साल पाहतो. पदवी २०१८ ची आणि अर्ज २०२४ चा, मग मधली सहा वर्षं काय केलं?

अडतं ते इथे. त्या सहा वर्षांचा अर्थ बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षा असा असतो. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले. त्यात आमच्या तालुक्यातली पोरंही होती, आमचे दोन कर्मचारीही होते. सोनेतारणाचं काम शिकवायला दोन महिने लागतात: तोळा-मासा, पाकीट सील करणं, केवायसी, व्हाउचर, थकबाकीच्या नोटिसा. शिकवून तयार केलेला माणूस ऐन मार्चमध्ये निघून गेला तर काय होतं, हे ऑडिटला तोंड देणाऱ्यालाच कळतं. म्हणून अध्यक्ष विचारतात, 'तयारी करून राह्यला का?' या प्रश्नामागे एकच धास्ती असते, हा जाईल. डिग्री फक्त त्या धास्तीची आठवण करून देते.

डिग्री खोडून ती धास्ती जात नाही. बारावी २०१२ ला आणि त्यानंतर अर्जात काहीच नाही, असं दिसलं तर शंका उलट वाढते. पोरगं बारा वर्षं काय करत होतं?

दुसरं वाक्य सगळ्यात घातक आहे: फक्त बारावी लिहा, कोणी तपासत नाही. ओडिशातल्या एका तरुणाने पंजाब नॅशनल बँकेत शिपायाच्या जागेसाठी अर्ज केला. जाहिरातीत अट होती की उमेदवार बारावी असावा आणि १ जानेवारी २०१६ रोजी पदवीधर नसावा. तो २०१४ लाच पदवीधर झाला होता, पण अर्जात त्याने बारावीच लिहिली. निवड झाली, मग कागदपत्रांत पदवी निघाली आणि बँकेने निवड रद्द केली. उच्च न्यायालयात तो जिंकला. ३ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अट मान्य नव्हती तर जाहिरातीलाच आव्हान द्यायचं होतं, माहिती दडवून अर्ज करायचा नव्हता, असं न्यायालयाने म्हटलं. एवढी वर्षं कोर्टात घालवून त्याच्या हाती काहीच उरलं नाही.

खासगी नोकरीत गोष्ट कोर्टापर्यंत जात नाही, ती चहाच्या टपरीवरच संपते. आमच्यासारख्या गावात कोणाचं पोरगं कुठल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्याकडे एकाने बारावी लिहून अर्ज दिला होता. मी त्याच्या गावच्या एजंटाला फोन केला तर तो म्हणाला, 'साहेब, ते तर आमच्या गावचे सर आहेत. माह्या पोरीले तेच गणित शिकवत.' मी त्यांना बोलावलंच नाही. त्यांच्या एम.एस्सी.ला माझी काही हरकत नव्हती, पण ज्याच्या हातात रोकड द्यायची त्याने पहिल्याच कागदावर खोटं लिहिलं होतं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. बायोडाटात टॅली आणि टायपिंग वर घेतलं, पदवी खाली एका ओळीत लिहिली, प्रबंधाचं नाव गाळलं, तर त्यात लबाडी नाही. नोकरीला जे लागतं ते आधी सांगणं हे शहाणपणच आहे. पण छापील अर्जात 'एकूण शैक्षणिक पात्रता' विचारली असेल आणि खाली 'वरील माहिती सत्य आहे' म्हणून तुमची सही असेल, तिथे गाळणं म्हणजे खोटं बोलणंच.

सरकारी भरतीचं वाक्य तर सरसकट चूक आहे. प्रत्येक भरतीचा नियम वेगळा असतो. आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. जिल्हा न्यायालयातल्या शिपायाच्या जागांसाठी जास्त शिकलेल्या उमेदवारांना मुलाखतीलाच बोलावलं नव्हतं. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ठरलेल्या पात्रतेपेक्षा जास्त शिकला म्हणून उमेदवाराचा विचारच करायचा नाही, ही कसोटी तर्काला धरून नाही. मुंबईत मंत्रालयाच्या कँटीनमध्ये वाढप्यांच्या १३ जागांना सुमारे सात हजार अर्ज आले होते. अट चौथी पासची होती आणि २०१९ च्या सुरुवातीला बातम्या आल्या त्या निवड झालेल्यांत बहुतेक पदवीधर असल्याच्या. ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीत दहावीच्या गुणांवर यादी लागते. तिथे तुमची एम.ए. ना फायद्याची, ना तोट्याची. आणि बँकेसारख्या ठिकाणी 'पदवीधर नको' असं जाहिरातीतच असेल, तर तिथे अर्ज करू नका किंवा अटीलाच आव्हान द्या. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, बाकी ऐकीव गोष्टींवर जाऊ नका.

आता शेवटचं वाक्य, जास्त शिकलेली पोरं टिकत नाहीत. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण हे मीही काही वर्षं मानत होतो.

चौदा वर्षांत आमच्याकडून नऊ जण सोडून गेले. एक पोलीस भरतीत लागला, तो बारावी होता. एके दिवशी आलाच नाही, तीन दिवसांनी कळलं की ट्रेनिंगला गेला. दुसरा एम.कॉम. होता, त्याने मुलाखतीतच सांगितलं होतं की तलाठ्याची परीक्षा देणार आहे. निवड झाली तेव्हा त्याने महिनाभर आधी सांगितलं आणि नवीन पोराला सोनेतारणाचं सगळं रजिस्टर शिकवूनच गेला. उरलेले सात जण पगारामुळे गेले. आठ-नऊ हजारांवर कोणीच फार दिवस राहत नाही, मग तो दहावी असो की एम.फिल.

२०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला सहा हजार, आयटीआय आणि पदविकेला आठ, पदवीधर आणि पदव्युत्तरांना दहा हजार विद्यावेतन, तेही सरकार देणार. तेव्हा आमच्या भागातल्या एकाही कार्यालयाने 'एवढा शिकलेला नको' म्हटल्याचं मी ऐकलं नाही. उलट 'पदवीधरच पाठवा' असे फोन झाले. पगार आपल्या खिशातून जायचा नव्हता, तेव्हा जास्त शिक्षण कोणालाच जड झालं नाही. पगार आपल्याला द्यायचा असला की मात्र त्याच शिक्षणाची भीती वाटते.

तुर्कस्तानात कपड्यांच्या दुकानांच्या एका साखळीत बेरिन एर्दोआन आणि तालिया बाउअर यांनी केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आपण या कामापेक्षा जास्त पात्र आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांची विक्री जास्त निघाली. आणि जिथे त्यांना आपल्या कामात काही ठरवायची मोकळीक होती, तिथे नोकरी सोडण्याकडे त्यांचा कल फारसा राहिला नाही.

मला हे तो अभ्यास वाचण्याआधी एका ताईने शिकवलं. अमरावतीहून गणितात एम.एस्सी. झालेली, लग्न होऊन आमच्या गावापासून अकरा किलोमीटरवरच्या खेड्यात आलेली. रोखपालाच्या जागेसाठी तिने अर्ज दिला आणि मीच तो बाजूला ठेवला होता. पात्रता जास्त आणि वर बाईमाणूस, जाईलच, असं मी धरून चाललो होतो. अध्यक्षांनी सहज तो गठ्ठा चाळला म्हणून ती मुलाखतीला आली. त्यांनी विचारलं, 'एवढी शिकली, मंग इथं काहून?' ती म्हणाली, 'नवरा वावरात, लेकरू इथल्या शाळेत. मी जाऊ कुठी, साहेब?'

सोनेतारणाच्या व्याजात आमचा दर महिन्याला थोडा फरक यायचा. रजिस्टर एक सांगायचं, सॉफ्टवेअर दुसरं. ती तिसऱ्या महिन्यात एक संध्याकाळ जुनी व्हाउचरं घेऊन बसली. कर्जाचं नूतनीकरण होताना जुनं खातं बंद झाल्याचा आणि नवं उघडल्याचा दिवस एकच असायचा, आणि त्या एका दिवसाचं व्याज दोनदा लागत होतं. ते पैसे शेतकऱ्यांचे होते. यादी काढून आम्ही ते खात्यांवर परत जमा केले, कोणाला सात रुपये, कोणाला बावीस. ती आता सहा वर्षांपासून आहे. तिचा पगार दोनदा वाढवला, आणि तो वाढवावाच लागणार होता.

मुलींना लग्नाबद्दल विचारून बाद करणं आमच्याकडे सर्रास चालतं. मीही ते केलं आहे आणि ते चूक होतं. लग्न होऊन इथे आलेली शिकलेली सून ही या तालुक्यात कायम राहणारी सगळ्यात पक्की माणूस आहे. तिच्यापुढे दुसऱ्या नोकऱ्यांची रांग नसते. या अडचणीचा फायदा घेऊन तिला कमी पगारावर अडकवून ठेवायचं नाही, एवढं मात्र आम्ही पाळायला हवं.

तेव्हा पोरांनो, डिग्री लिहा. तिच्या खाली दोन ओळीही लिहा: ही नोकरी का हवी, परीक्षा देत असाल तर कोणती, आणि जावं लागलं तर किती दिवस आधी सांगाल. 'एक महिना आधी सांगेन आणि काम शिकवून जाईन' असं लिहिलेला अर्ज माझ्याकडे चौदा वर्षांत दोनदाच आला. दोघांनाही मी मुलाखतीला बोलावलं.

आमच्या छापील अर्जात आजवर 'स्पर्धा परीक्षेची तयारी करता का? हो / नाही' असा रकाना होता. पुढच्या महिन्यात लिपिकाची एक जागा निघते आहे, तिच्यासाठी मी तो रकाना काढला. त्या जागी 'इथे किती काळ काम करण्याचा विचार आहे, आणि का?' असा प्रश्न टाकला आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या.