भीती वाटली की विश्वास संपला का?

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. दवाखान्यात गेलेलो, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका काकूंचे मिस्टर आयसीयूत आहेत. काकू बाकड्यावर बसून रडत होत्या आणि आपल्यातलेच एक ज्येष्ठ गृहस्थ त्यांना सांगत होते, "रडायचं नाही, भीती म्हणजे अविश्वास. यिर्मया 29:11 वाचा." वर गुलाबाच्या फोटोवरचं तेच बायबलमधलं वचन, 'तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत', व्हॉट्सॲपला पाठवलं. काकू डोळे पुसून म्हणाल्या, "चुकलं माझं." काय चुकलं हो त्यांचं??

अहो, ते वचन कुणाला लिहिलंय ते तरी बघा. यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे ते, बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना. आणि त्याच्या आधीचीच ओळ सांगते, 70 वर्षं भरल्यावर परत आणीन. 70! पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी तिथंच गेले असणार. घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, असं त्याच पत्रात आहे. म्हणजे सुटका लगेच नाही, पण मी तुम्हाला सोडलेलं नाही. हे कॅलेंडरवर कोण छापतंय.

2019 चा कोल्हापूरचा पूर आठवा. आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, त्या ऑगस्टात ती 55 च्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद, नळाला पाणी नाही, दूध नाही. खालचं घर बुडालेलं, आम्ही वरच्या मजल्यावर, लाईट नाही. आई जिन्यात बॅटरी मारून बघायची आणखी किती पायऱ्या गेल्या, मग परत येऊन स्तोत्र 46 म्हणायची, 'देव आमचा आश्रय' वालं. हात थरथरत होते तिचे, मी धरले होते म्हणून सांगतोय. थरथर आणि प्रार्थना एकदमच चाललेली. तिला त्या रात्री कुणी अविश्वासी म्हटलं असतं तर मी त्याला पाण्यातच ढकललं असतं.

बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं की. पोरंबाळं, सगळं गमावून राखेत बसलेल्या माणसाला तुझंच काहीतरी चुकलंय म्हणून ऐकवत बसले, आणि शेवटी देवाचा राग कुणावर? त्या मित्रांवर. प्रेषित पौलाने माझ्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनवलं, काटा राहिलाच, कृपा मिळाली. आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला, त्याला पण विश्वास कमी पडला म्हणणार का?

बरं, वचनं पाठ असावीत हे मान्य. आईला 46 पाठ होतं म्हणूनच अंधारात म्हणता आलं.

आमची शिलाई मशीन गेली, वडिलांचे सगळे फोटो गेले, ते काही परत आले नाहीत. आई त्यावर मंडळीपुढं उभं राहून साक्ष बिक्ष देत नाही, विचारलं तर म्हणते, "गेलं ते गेलं, तो होता की तिथं." मला हे तिच्याइतकं सहज म्हणता येत नाही अजून.

आणि ते गृहस्थ वाईट नाहीत हो. पूर ओसरल्यावर आमच्या घरातला चिखल काढायला आलेले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एक वचन न बोलता. तेव्हा जमलं होतं की त्यांना. उद्या भेटले की तोंडावर सांगणार आहे. काकूंना रात्रीच्या पाळीला माणूस पाहिजे, तरुण संघातल्या कुणाला जमत असेल तर मला फोन करा, खाली नुसतं आमेन लिहू नका.