निवण्याचा हिशेबही हवा

‘थर्मोप्लास्टिक कंपोझिटचा भाग काही मिनिटांत तयार होतो, म्हणून तो स्वस्त पडतो’ हे लेखातील विधान मला अपुरे वाटते. (थर्मोप्लास्टिक कंपोझिट म्हणजे तापवल्यावर वितळणाऱ्या प्लास्टिकमध्ये मजबूत तंतू बसवलेला पदार्थ.) इपॉक्सी या रासायनिक क्रियेने कडक होणाऱ्या राळेच्या भागासारखा तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब देणाऱ्या बंद भट्टीत, तासन्‌तास ठेवावा लागत नाही, हे खरे. परंतु अशा भागांत वापरले जाणारे पीक (PEEK) हे प्लास्टिक ३४३ अंश सेल्सिअसला वितळते आणि पुढे ते किती वेगाने निवते यावर त्याची स्फटिकता (रेणू किती शिस्तीत रचले जातात ते), पर्यायाने ताकदही, ठरते. कुपवाड एमआयडीसीत आम्ही काटकोनी ब्रॅकेट काढला, तेव्हा साचा बरोबर ९० अंशांचा असूनही बाहेरून गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावल्यावर टोकाशी फट दिसली, कारण निवताना कोन आत मिटला होता. साच्याचा कोन आधीच थोडा उघडा ठेवण्याचे गणित जमेपर्यंत तीन साचे गेले.

खरी बचत मला जोडणीत दिसते: गल्फस्ट्रीम जी६५० विमानाच्या शेपटीकडील सुकाणूत थर्मोप्लास्टिक कंपोझिटचे भाग इंडक्शन वेल्डिंगने, म्हणजे विद्युतचुंबकीय उष्णतेने सांधा वितळवून, जोडलेले आहेत, आणि लेखात नेमका त्याचाच उल्लेख राहिला आहे.