जवळा, मुंडी आणि रिकव्हरिनच्या चार खाचा

आगोटीची सुकी मासळी भरायचे दिवस आले की रत्नागिरी-मालवणकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो: 'डोळ्यातल्या रिकव्हरिन प्रथिनाला कॅल्शियमच्या चार खाचा असतात. रोज मूठभर जवळा आणि बांगड्याची मुंडी डोळ्यांसकट खा. चारही खाचा भरतात, रातांधळेपणा जातो, चष्मा सुटतो.'

प्रथिनाचं नाव तेवढं बरोबर आहे.

'चार खाचा.' रचनेत 'ईएफ-हँड', म्हणजे कॅल्शियम धरायच्या घडणीच्या खाचा, चार दिसतात खरे. प्रत्येकात दोन सर्पिलं आणि मधे १२ अमिनो आम्लांचं वळण. पण कॅल्शियम धरतात फक्त दुसरा आणि तिसरा. पहिल्याचं वळण ४०व्या जागेवरच्या प्रोलिन या अमिनो आम्लामुळे बिघडलेलं असतं. चौथ्यात १६१वं लायसिन आणि १७१वं ग्लुटामेट एकमेकांनाच धरून बसतात. टोपलीभर जवळा खाल्ला तरी 'चारही' भरायच्या नाहीत.

'खाचा भरतात, रातांधळेपणा जातो.' इथे तर गाडी उलटीच जाते. दंडपेशीत, म्हणजे मंद उजेडात पाहणाऱ्या दृष्टिपटलातल्या पेशीत, कॅल्शियम जास्त असतं ते अंधारात, तेही काहीशे नॅनोमोलर. तेव्हा रिकव्हरिनच्या पोटात दडलेली १४ कार्बनांची मिरिस्टॉइल नावाची स्निग्ध शेपटी बाहेर पडते, पेशीतल्या चकतीच्या पटलात रुतते आणि रिकव्हरिन रोडॉप्सिन कायनेजला (उजेड टिपणाऱ्या रोडॉप्सिन प्रथिनाला फॉस्फेट लावणाऱ्या विकराला) अडवून धरतं. उजेड पडला की पेशीचे आयनमार्ग, म्हणजे कॅल्शियम आत यायची दारं, मिटतात, कॅल्शियम झपाट्याने उतरतं, शेपटी परत आत जाते. सुटलेलं कायनेज रोडॉप्सिनला फॉस्फेट लावतं, त्यावर अरेस्टिन हे दुसरं प्रथिन बसतं आणि उजेडाचा संकेत थांबतो. म्हणजे काम चालतं ते कॅल्शियमच्या चढउतारावर. ते नुसतं चढंच राहिलं तर पेशी सावरणार कशी?

शिवाय रक्तातलं मुक्त कॅल्शियम सुमारे १.२ मिलिमोलर, दंडपेशीतल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त, आणि शरीर ते फारसं हलू देत नाही. आत किती घ्यायचं हे पेशीची दारं ठरवतात, ताट नाही. जवळा हाडांसाठी खुशाल खा.

मुंडीतलं रिकव्हरिन पोटात पचून अमिनो आम्लं होतं. आपलं रिकव्हरिन आपला दृष्टिपटलच बनवतो. चष्म्याचा संबंध नेत्रगोलाची लांबी, बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचा आकार आणि भिंगाशी.

रातांधळेपणाचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. लहान मुलांत त्यामागे बहुधा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते, कारण रोडॉप्सिनमधलं रेटिनल, म्हणजे उजेड झेलणारा भाग, त्यातूनच बनतं. कडक उन्हात वाळवताना मासळीतलं हे जीवनसत्त्व बरंच नष्ट होतं. तिन्हीसांजेला मूल ठेचकाळत असेल, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपका दिसत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आनुवंशिक कारण असेल तर उपाय वेगळा. आणि गरोदर बाईने अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. जादा मात्रेने गर्भात व्यंग येऊ शकतं.