पोफळीचे पन्नास, आणि ती उचलायची कोणी?

पावसाळा तोंडावर आला की श्रीवर्धनच्या आमच्या घरच्या ग्रुपवर निसर्ग वादळाचा वाद पुन्हा पेटतो. 3 जून 2020ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पणजोबांच्या हातची नारळ-सुपारीची वाडी एका दुपारीत आडवी झाली. मदत आधी हेक्टरी होती. गुंठ्यांत वाडी असलेल्याच्या हातात त्यातून काय पडणार? ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरला, माडाला 250 रुपये, पोफळीला म्हणजे सुपारीच्या झाडाला 50. काका म्हणतात, ही चेष्टा आहे, दर वाढवून घेतल्याशिवाय गप्प बसायचं नाही. चुलतभाऊ म्हणतो, वाडीचा नाद सोडा, कॉटेज बांधा.

मी फिलिपिन्समध्ये, सेबू शहरात राहते. दोघांचं ऐकते आणि जीव तुटतो, कारण ज्या गोष्टीवर वाडी उभी राहते किंवा कायमची बसते, तिच्याबद्दल, म्हणजे पडलेली झाडं उचलण्याबद्दल, कोणीच बोलत नाही.

16 डिसेंबर 2021च्या रात्री इथे ओडेट वादळ आलं. बाहेरच्या जगात त्याचं नाव राय. शहरात कित्येक आठवडे वीज नव्हती. कॅन घेऊन पाण्यासाठी आणि पेट्रोलसाठी रांगा, एटीएम बंद. शहर हळूहळू सावरलं. पुढे ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर तिच्या गावी, बोहोल बेटावर गेले. तिथे सगळे माड एकाच दिशेला झोपलेले, आपल्या वाडीसारखेच. पण त्यांच्यामधून यांत्रिक करवतीचा आवाज येत होता. एक जण खोडावर दोरी ताणून रेघ मारायचा, दुसरा त्या रेघेवर फळी उतरवायचा. माडाचं लाकूड कडेला टणक आणि गाभ्यात भुसभुशीत, म्हणून कडेचे वासे नि खांब, गाभा चुलीला. त्याच वाशांवर मैत्रिणीच्या घराचं छप्पर चढत होतं.

तिच्या वडिलांना छपरापेक्षा ओंडक्यांची घाई होती. कुजत्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग वादळातून वाचलेल्या माडांचे शेंडे पोखरतो. हा धडा शेजारच्या लेते बेटाकडून आलेला. 2013च्या योलांदा वादळात तिथले आणि आसपासचे मिळून तीन कोटींहून जास्त माड पडले किंवा मोडले होते. तेव्हा करवती वाटून, ज्यांचे माड गेले त्या माणसांनाच रोजंदारी देऊन, ओंडके हलवायचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं होतं.

आमच्याकडे काय झालं? पंचनाम्यात झाडं मोजली गेली आणि पडलेली खोडं जागच्या जागी राहिली. पोफळ कापून वाडीबाहेर काढायला तिच्या भरपाईपेक्षा जास्त पैसे गेले. पुढचा पाऊस आला तरी वाडीत पाऊल ठेवायला जागा नव्हती, म्हणून रोपं लावायचं अख्खं एक वर्ष बुडालं. काका, दर दुप्पट झाला असता तरी ते वर्ष परत आलं नसतं.

आणि रोप लावलं म्हणजे भागलं असंही नाही. पोफळ हाताशी यायला पाच-सहा वर्षं, उंच जातीचा माड त्याहून जास्त. बोहोलला माडांच्या रिकाम्या रांगांत मका, कसावा, अळू लागलेलं पाहिलं. आपल्याकडे केळी, सुरण, अळू सहज होतं, पण बियाणं आणि मजुरी घालायला त्याच वर्षी हातात रोकड लागते, आणि त्या वर्षी ती कोणाकडेच नसते. मदतीचा हिशेब झाडावर न थांबता या रिकाम्या वर्षांपर्यंत गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

फिलिपिन्सचं सगळंच घेण्यासारखं आहे असं नाही. हुकूमशहा थोरल्या मार्कोसच्या राजवटीत नारळवाल्यांकडून गोळा केलेला कर त्यांच्याच कामी यावा, यासाठी कायदा व्हायला 2021 उजाडलं. तोवर दोन पिढ्या कोर्टाकडे डोळे लावून बसल्या होत्या.

चुलतभावाला एकच विचारते. कॉटेजमध्ये उतरणारा पाहुणा सकाळी उठून कुठे बसतो? पोफळींच्या सावलीतच ना? ती गेल्यावर त्याने उन्हात बसायला श्रीवर्धनला का यावं?

बाबांनी वाडी मोकळी झाल्यावर आधी केळी लावल्या आणि त्यांच्या सावलीत श्रीवर्धनी रोठा सुपारीची रोपं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर फोन खाली धरून एकेक रोप दाखवतात. मागच्या रविवारी सातव्या रोपाशी थांबले आणि म्हणाले, "याला पाणी पोचत नाही, पाट वळवायला हवा."