चार मॅच म्हणजे अपयश?

"चार मॅचमध्ये करिअर आटोपलं, म्हणजे अपयशीच" हे चारच फर्स्ट क्लास (देशांतर्गत वरच्या दर्जाच्या) क्रिकेट मॅच खेळलेल्या खेळाडूवरच्या लेखातलं वाक्य काय पटलं नाही राव. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पोरांना तेव्हा काउंटीविरुद्ध (तिकडच्या जिल्हावार व्यावसायिक टीमविरुद्ध) खेळलं की फर्स्ट क्लासचा शिक्का मिळायचा, आपल्या रोहिंटन बारियाला, म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धेला, तो दर्जा कधीच नव्हता, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या पोरानं रणजी टीममध्ये घुसायचं तेव्हा कुठं नाव लागणार!

मी सोलापूरचा, आमची कॉलेजं तेव्हा शिवाजी विद्यापीठात, त्यामुळं विद्यापीठाच्या टीमच्या ट्रायलला रात्रीच्या एसटीनं कोल्हापूर, मांडीवर किटबॅग अन् पॅडची जोडी दोघांत एक. आयुष्य मॅटिंगवर, म्हणजे चटई अंथरलेल्या पिचवर गेलेलं, तिथं टर्फ, म्हणजे मातीचं उघडं पिच, तिसराच बॉल घोट्याएवढा राहिला, एलबी. (आउट होतो, खोटं कशाला बोलू.) दुपारच्या गाडीनं परत. चार मॅच कमी वाटतात होय तुम्हाला?